तापीकाठची ऊब

यंदा इंदूरची थंडी सोसवेना. खानदेशाकडे ऊब असेल, या हिशेबानं आम्ही चौघे मित्र भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन निघालो. सिमरोलचा घाट उतरलो, नर्मदा ओलांडली, असीरगड मागे टाकून बुऱ्हाणपूर गाठलं. पण पहाटे गाडीच्या पत्र्यानं पार गारठवलं!

गरम मावा जिलबी खाऊन कुंडी भंडारा पाहायला गेलो. १६१५च्या सुमारास, रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी भुयारांतून निव्वळ उतारावर शहरात आणलं. लिफ्टनं खाली उतरलो, तर पाणी कोमट! जमिनीखाली तापमान वर्षभर फारसं बदलत नाही.

पुढच्या महिन्यात कायमचा कॅनडाला निघालेला आमचा मित्र त्या पाण्यात कितीतरी वेळ उभा होता. ‘चल’ असं कुणीच म्हटलं नाही.