आई असलेला अनाथ

गेल्या महिन्यात एका रात्री अमेरिकेतून नातीचा फोन आला. वय वर्षे सतरा, उत्साह उतू जाणारा. तिच्या मैत्रिणीच्या चर्चतर्फे वीस-पंचवीस मुलंमुली सुट्टीत दहा दिवसांसाठी कंबोडियाला निघाली होती. अनाथालयाच्या भिंती रंगवायच्या, मुलांना गाणी शिकवायची, रस्त्यावरच्या पोरांना जेवण वाढायचं. खर्चासाठी प्रत्येकाने नातलगांकडून पैसे जमवायचे. "आजोबा, तुम्ही किती देणार?"

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. पैसे मागणाऱ्याला आधी चार प्रश्न विचारायची खोड अजून सुटलेली नाही. मी म्हटलं, "त्या मुलांना आई आहे का गं?"

ती गोंधळली. "अहो, अनाथ आहेत ना ती!"

हा प्रश्न माझ्या तोंडी आला त्याला कारण एक जुनं पत्र आहे. ऐंशीच्या दशकात मी इथेच, कोडोलीच्या शाखेत होतो. त्या काळी कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला, की तो बँकेच्या साहेबाकडे वाचायला यायचा. दिवाळीच्या सुमारास एक शेतमजूर बाई काउंटरपाशी आली. नवरा वारलेला, पदरात दोन मुलं. थोरल्याला तिने लांबच्या एका वसतिगृहात घातलं होतं. दोन वेळचं जेवण मिळेल, शाळा सुटणार नाही, एवढाच हिशेब. पोरगा सुट्टीला येताना एक पाकीट घेऊन आला होता.

"सायेब, पोराला परदेशातनं कागद आलाय. काय लिवलंय बघा की."

पत्र कुणा वयस्क बाईचं होतं. दरमहा ती त्याच्यासाठी पैसे पाठवत होती. अक्षर वळणदार, मजकूर मायेचा. मधेच लिहिलं होतं, की तुला या जगात आई नाही हे कळल्यावर मला रडू आलं, आता मलाच तुझी आई समज.

मी थांबलो. पोरगा पदराला धरून उभा होता, बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "मुलगा हुशार आहे म्हणतात. आईला नमस्कार सांगितलाय." नोकरीभर हजारो कागद हातावेगळे केले, पण इतका खोटा गोषवारा दुसऱ्या कुठल्या कागदाचा दिला नाही. बाई खुशीत गेली. जाताना पाकीट पदरात बांधून घेतलं.

त्या परदेशी बाईला मी दोष देत नाही. मधल्या कुणीतरी आईचं नाव गाळलं होतं, कारण अनाथ म्हटलं की मदतीची थैली लवकर सुटते. हे काही आपल्याकडेच घडतं असंही नाही. नात जिथे निघाली होती त्या कंबोडियात २०११ साली तिथल्या सरकारने युनिसेफच्या मदतीने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अनाथालयांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. पाहुणे आणि देणग्या वाढतात तशी अनाथालयं वाढतात, असंच हे गणित. २०१९ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल घेतली. दर पंधरवड्याला नवी ताई येते, लळा लावते, फोटो काढते आणि जाते. पोराने किती जणींना टाटा करायचा?

परदेशी सेवेबद्दल माझ्या मनात अढी नाही. आमच्या कोडोलीतच अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं ठाणं होतं. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल मतभेद होते, आजही आहेत. पण ती माणसं मराठी शिकली आणि इथे राहिली. मिरजेचे डॉ. वॉनलेस १८८९ साली आले ते जवळजवळ चाळीस वर्षं राबले. आणखी एक गंमत नातीला सांगितली. १८५२ साली कोल्हापुरात आलेल्या रॉयल वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन इथे शंभर विद्यार्थ्यांनी मिशनकार्यासाठी परदेशी जाण्याची तयारी लिहून दिली, त्यामागे हा आपला कोल्हापूरकर होता. त्याची बहीण ग्रेस तर पुन्हा इकडे कामाला आली. ती तयारी दहा दिवसांची नव्हती.

ज्यांना खरोखर कुणी नाही अशी मुलं आहेतच, आणि त्यांच्यासाठी जन्म घालवणारी माणसंही आहेत. पण बाकीच्यांचं काय? आपला २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो, की संस्था हा शेवटचा उपाय. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून अशा मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, मूल घरातच राहतं. रक्कम मोठी नाही, दाखले गोळा करताना चपला झिजतात. तरी त्या वेळी माझ्या काउंटरवर त्या बाईच्या पासबुकात महिन्याला काही जमा होत असतं, तर तिने पोराला लांब धाडलं असतं, असं मला वाटत नाही. नातवाच्या वाढदिवसाला आश्रमात केक कापून फोटो काढणाऱ्या आपण मंडळींनी एखाद्या विधवेचा अर्ज भरून द्यायला अर्धा दिवस काढला तर? (मीही एका वर्षी असा केक नेला होता, हे कबूल करतो.)

नातीला हे सगळं आवडलं नाही. "म्हणजे काही करूच नये का?" म्हणाली आणि फोन ठेवला. चार दिवसांनी तिचा निरोप आला. तिने आयोजकांना लिहून विचारलंय, की त्या मुलांपैकी किती जणांना आई आहे आणि ती कुठे राहते.

उत्तर अजून आलेलं नाही. पैसे मी बाजूला काढून ठेवलेत.