पारावरचा एक जुना वाद

कालिदास थोर की भवभूती, या प्रश्नावर पंडितांनी आयुष्ये वेचली. आमच्या डोंगरकड्याच्या पारावर मात्र तो वाद कधी रंगल्याचे ऐकिवात नाही. तेथे जो वाद गेली कित्येक वर्षे अखंड चालू आहे तो असा, की निवृत्त झालेल्या व आज हयात असलेल्या आपल्या क्रिकेटपटूंत सर्वांत थोर कोण?

हयातीची अट मुद्दाम घातलेली आहे. तिच्यावाचून सांगलीचे विजय हजारे पुढे येतात. १९४८ साली अ‍ॅडलेडच्या एकाच कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली होती. परंतु तो खेळ प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य पारावर नाही, आणि शब्दप्रमाण नैयायिकांस मान्य असले तरी आमच्या स्नेही पोस्टमास्तरांस नाही. अजित वाडेकर २०१८ पर्यंत या यादीत होते. यादी अशी आपोआप आखूड होत जाते, हे आमच्या वयास जरा बोचते. असो.

पोस्टमास्तरांचा पक्ष सचिन तेंडुलकरांचा. २०० कसोटी, १५९२१ धावा, सर्व प्रकारच्या सामन्यांत मिळून शंभर शतके, हे आकडे ते मनिऑर्डरीच्या हिशेबासारखे घडाघडा म्हणून दाखवितात. आमचा पक्ष सुनील गावस्करांचा. १९७९ साली ओव्हलवर ४३८ धावांचे लक्ष्य असता त्यांनी २२१ काढल्या, त्या रात्री आम्ही रेडिओला कान लावून बसलो होतो. भारताच्या ४२९ झाल्या, आठ गडी बाद झाले आणि वेळ संपली. अवघ्या नऊ धावा! त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पोस्टमास्तर लगेच १९९९ चे चेन्नई काढतात. पाठ दुखत असता तेंडुलकरांनी पाकिस्तानविरुद्ध १३६ केल्या, विजयास सतरा धावा उरल्या असता ते बाद झाले आणि शेष गडी चार धावांत आटोपले. आम्ही दोघेही आपापल्या दैवताची थोरवी न जिंकलेल्या सामन्यांवरून सिद्ध करतो, ही गंमत आम्हांस परवाच उमगली.

परंतु परीक्षकाने स्वतःच्या मुलाचा पेपर अधिक कसून तपासावा, या न्यायाने आम्ही गावस्करांचे काही गुण कापले. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत त्यांनी ७७४ धावा केल्या खऱ्या. पण पुढे साऱ्या जगास धाक घालणारे वेगवान गोलंदाज तेव्हा उदयास आलेले नव्हते. त्या देशाविरुद्धच्या तेरा शतकांपैकी सर्वच सारख्या मोलाची नव्हेत. हे आम्ही कबूल करताच पोस्टमास्तर सुपारी कातरायची थांबले.

मात्र १९८३ चे चेन्नई कोणास कापता येईल? मार्शल आणि होल्डिंग समोर, फलकावर शून्य धावा व दोन गडी बाद, अशा स्थितीत चौथ्या क्रमांकावर आलेले गावस्कर २३६ करून नाबाद राहिले. ते त्यांचे तिसावे कसोटी शतक. ब्रॅडमन यांची एकोणतीस शतके तेथे मागे पडली. पुढे १९८७ साली अहमदाबादेस त्यांनी दहा हजारांचा टप्पा गाठला, तेव्हा त्या वाटेवर कोणाचेही पाऊल उमटलेले नव्हते. तेंडुलकरांच्या पुढे निदान गावस्करांचे पाऊल होते. सोळाव्या वर्षी कराचीस उतरून चोवीस वर्षे टिकणे हे अद्भुतच. तथापि वाट पाडणारा व वाट रुंद करणारा यांत आम्ही पहिल्यास झुकते माप देतो. या निवाड्यात ओव्हलच्या त्या रात्रीचा वाटा किती, हे आम्हांस निश्चित सांगता येत नाही.

पोस्टमास्तरांस निर्णय अमान्य आहे. त्यांच्या नातवाने तर तिसराच पक्ष उभा केला आहे. इंदुरास जन्मलेल्या राहुल द्रविडांनी कसोटीत ३१२५८ चेंडू खेळून काढले; इतके आजवर कोणीच खेळलेले नाहीत. तेव्हा धावा कशास मोजता, चेंडू मोजा, असे तो म्हणतो. मुलगा हुशार आहे. येत्या एकादशीस त्याला पारावर बोलावले आहे.