‘तो तसाच आहे’ हे निदान नव्हे

स्वमग्न व्यक्तींच्या मदतनिसांना दृष्टिदोष ओळखायला शिकवा म्हटलं की तीन आक्षेप हमखास येतात. डोळे तपासणं डॉक्टरांचं काम. तिरकं बघणं, डोळे चोळणं हे स्वमग्नतेत असायचंच. आणि असा माणूस तपासणीला बसणार कसा?

पहिला आक्षेप निम्मा खरा. निदान डॉक्टरच करणार. पण त्यांच्याकडे न्यायचं कुणी आणि कशावरून? ज्याला बोलता येत नाही, तो ‘धूसर दिसतंय’ म्हणणार कसा? हल्ली तो जिन्यावर पायरी चाचपतो, ताटातली एका बाजूची भाजी तशीच राहते, दिवेलागणीनंतर बाहेर पडायचं म्हटलं की हटून बसतो, हे ओपीडीतल्या दहा मिनिटांत कळत नाही. रोज सोबत असणाऱ्यालाच ते दिसतं.

दुसरा आक्षेप घातक आहे. तिरकी नजर, प्रकाशाचा त्रास स्वमग्नतेत आढळतो, तसाच तो डोळ्यांच्या आजारांतही आढळतो. सतत डोळे चोळल्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येण्याचा धोका वाढतो. दोन-तीन ठरावीक पदार्थांवरच जगणाऱ्या काही स्वमग्न मुलांची नजर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तिथे ‘सवय आहे’ म्हणून सोडून देण्याची किंमत त्या मुलांनी मोजली.

तिसऱ्या आक्षेपामागे निव्वळ अज्ञान आहे. रेटिनोस्कोपीत डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढतात. रुग्णाला एक शब्दही बोलावा लागत नाही. फिनलंडच्या डॉ. लेआ ह्युवारिनेन यांच्या तक्त्यावर तर घर, सफरचंद अशी चित्रं नुसती जुळवायची असतात.

तेव्हा प्रशिक्षणात शिकवायचं ते मोजकंच. जुनी सवय कोणती आणि नवा बदल कोणता, हे तारखेनिशी लिहून ठेवणं. टॉर्च, चष्म्याची फ्रेम यांची आधी घरी किंवा केंद्रात सवय करून देणं. मदतनिसाचा अंदाज चुकला तर एक तपासणी वाया जाईल. नजर वाया जाण्यापेक्षा ते परवडलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली तपासणी अठराव्या वर्षी संपते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्याला वयाची अट नाही. म्हणून प्रौढांच्या केंद्रांत हे प्रशिक्षण सक्तीचं हवं. आणि मदतनिसाने आणलेली नोंदवही डॉक्टरांनी तपासणीआधी वाचलीच पाहिजे, हा नियमही सोबत हवा. नाहीतर शिकलेल्याचं ऐकणार कोण?