माजिवड्याची जमीन आणि ताळेबंदातला नफा

नफ्यात चालणारा कारखाना बंद का होतो? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न ठेवला, तर पुस्तपालनाच्या पुस्तकात त्याचे उत्तर सापडत नाही. ते अर्थशास्त्राच्या पुस्तकात आहे. हे दोन्ही विषय एकाच वर्गात शिकवले जातात; मात्र एकाचे गणित दुसऱ्याला लावून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना क्वचितच लागते. ठाण्यातील माजिवडा परिसर हा या दोन विषयांना जोडणारा उत्तम धडा आहे.

पूर्व द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता जेथे एकत्र येतात, त्या माजिवडा नाक्याच्या आसपास एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत. आता तेथे निवासी मनोरे आहेत. कोलशेत येथील क्लॅरियंट कंपनीची सुमारे ८७ एकर जमीन लोढा समूहाकडे गेली. २०१४ मध्ये पूर्ण झालेला हा व्यवहार सुमारे १,१५४ कोटी रुपयांचा होता. पोखरण रस्त्यावरील ग्लॅक्सोची ६० एकर जमीन ५५५ कोटींना घेण्याचा व्यवहार ओबेरॉय रिअ‍ॅल्टीने २०१७ मध्ये केला. १९२५ पासून ठाण्यात असलेल्या रेमंडने २०१९ मध्ये २० एकर जमीन ७०० कोटींना विकली आणि त्याच वर्षी उरलेल्या जमिनीवर स्वतःच घरबांधणी सुरू केली.

एकच कारखाना, दोन उत्तरे

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कारखान्याने पन्नास वर्षांपूर्वी १० एकर जमीन एकूण ५० लाख रुपयांना घेतली. जमिनीवर घसारा आकारला जात नाही आणि मूळ किमतीच्या तत्त्वानुसार ताळेबंदात ती आजही ५० लाखांनाच दिसते. कारखान्याला वर्षाला ४ कोटींचा नफा होतो. हिशेबनीस समाधानी आहे.

आता अर्थतज्ज्ञ विचारतो, हीच जमीन विकली तर? एकरी १० कोटी दराने १०० कोटी येतील. कर आणि इतर खर्च तूर्त बाजूला ठेवले, तर सात टक्के व्याजाने वर्षाला ७ कोटी मिळतील. जमीन स्वतःकडे ठेवून कारखाना या ७ कोटींवर पाणी सोडतो. हाच संधी खर्च. तो कोणत्याही खतावणीत नोंदला जात नाही. तो धरला की ४ कोटींचा नफा ३ कोटींचा तोटा ठरतो. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. पहिला झालेल्या व्यवहारांची नोंद ठेवतो, दुसरा पुढचा निर्णय घ्यायला मदत करतो.

हा नियम केवळ बड्या कंपन्यांपुरता नाही. वागळे इस्टेटमध्ये स्वतःचा गाळा असलेला लघुउद्योजक मालाचा दर ठरवताना भाडे शून्य धरतो. शेजारचा भाडेकरू तेच भाडे खर्चात धरतो. पहिल्याला आपला धंदा अधिक फायद्याचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या नफ्याचा मोठा भाग हे गाळ्याचे भाडे असते.

गणिताबाहेरचे घटक

वरील तीन व्यवहारांचे एकरी दर काढले, तर अनुक्रमे सुमारे १३ कोटी, सव्वानऊ कोटी आणि ३५ कोटी येतात. यावरून जमीन दोन वर्षांत जवळपास चौपट महागली, असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी फसेल. चटईक्षेत्र, आरक्षणे, वापर बदलण्याच्या अटी आणि जागेचे नेमके स्थान यांवर दर ठरतो. भागाकार अचूक असला तरी तुलना चुकू शकते.

कारखाना बंद होण्यामागे जुनी यंत्रे, वाढता उत्पादन खर्च, बाजारपेठेतील बदल अशीही कारणे असतात. सगळे खापर जमिनीवर फोडता येत नाही. तरीही जमिनीचा भाव वाढला की प्रत्येक अडचणीवर ‘विका’ हा सोपा उपाय दिसू लागतो, हे नाकारता येणार नाही.

आणखी एक खर्च असा, की तो कंपनीच्या वहीत दिसत नाही आणि तिच्या संधी खर्चातही येत नाही. यंत्रावर आयुष्य घालवलेल्या कामगाराचे कौशल्य एका दिवसात निरुपयोगी होते. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम ताळेबंदात दिसते, पण त्याच्या मुलाचे अर्धवट सुटलेले शिक्षण दिसत नाही. हजारो नव्या घरांना लागणारे पाणी, घोडबंदर रस्त्यावरची कोंडी, रोजगारासाठी रोज मुंबईकडे धावणारी गर्दी, यांचा भार महापालिका आणि नागरिक उचलतात. अर्थशास्त्र याला बाह्य परिणाम म्हणते. नफा एकाकडे जातो आणि खर्च दुसऱ्याकडे.

व्यवस्थापन पदवीचे प्रवेश २०२४ पासून राज्याच्या सामाईक परीक्षेशी जोडले गेले. प्रवेशाची पद्धत बदलली; प्रश्नांचीही बदलावी. बाळकुमला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तेथून कोलशेतची जुनी कारखान्यांची जमीन हाकेच्या अंतरावर आहे. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की गुण मिळतात, हे ठीक. पण त्या जुळल्यानंतर कोणता खर्च लिहायचा राहिला, हेही विद्यार्थ्याला विचारायला हवे. उद्या असे निर्णय याच विद्यार्थ्यांना घ्यायचे आहेत.