विश्लेषण : ओटीपोटातली गाठ… काढण्याची घाई का नको?

सोनोग्राफीच्या अहवालात ओटीपोटात गाठ दिसली की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘ऑपरेशन कधी?’ बहुतेक गाठी साध्या असतात, त्यामुळे ही घाई खपून जाते. पण मोजक्या रुग्णांत ती गाठ सॉफ्ट टिश्यू सार्कोमा निघते. अशा वेळी पहिली शस्त्रक्रिया कोणी आणि कशी केली, यावर पुढचे बरेच काही ठरते. दुर्दैवाने आपल्याकडे आधी सुरी आणि मग निदान, असा उलटा क्रम अजूनही चालतो.

सार्कोमा ओळखायला उशीर का होतो?

स्नायू, चरबी, मज्जातंतू, रक्तवाहिन्या अशा मऊ ऊतींमध्ये होणारा हा कर्करोग. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम एक टक्का, पण प्रकार मात्र ५० हून अधिक. साहजिकच तालुक्याच्या गावातल्या सर्जनला आयुष्यभरात असे थोडेच रुग्ण भेटतात. त्यात ओटीपोटाची जागा फसवी. मांडीवरची गाठ हाताला लागते. कमरेच्या हाडांमधली गाठ मूत्राशय, गुदाशय यांना बाजूला सारत गुपचूप वाढते. वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, एकाच पायाला सूज, पायात उतरणारी कळ. मग प्रोस्टेट, मूळव्याध किंवा सायटिका समजून महिनोन्महिने औषधे चालतात. निदान होईपर्यंत गाठ दहा सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असली तर नवल नाही.

पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोलवर असलेली किंवा वाढत जाणारी गाठ सार्कोमा नाही हे सिद्ध होईपर्यंत तिला हात लावू नये, हा साधा नियम आहे. आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा घेऊन बायोप्सी. हा कर्करोग बहुधा फुप्फुसात पसरतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅनही. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती घरोघरी आहे. योग्य मार्गाने घेतलेल्या बायोप्सीत हा धोका फार कमी असतो. अर्धवट कापलेल्या गाठीत तो कितीतरी जास्त. (अंडाशयाच्या गाठीचा नियम मात्र वेगळा, तिथे सहसा सुई लावत नाहीत.)

अमेरिकेतले उदाहरण बोलके आहे. फायब्रॉइड दुर्बिणीतून बारीक तुकडे करून काढण्यासाठी मॉर्सेलेटर नावाचे यंत्र वापरले जाई. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० महिलांपैकी एकीत न ओळखलेला सार्कोमा असू शकतो आणि यंत्राने तो पोटात पसरू शकतो, असा इशारा तिथल्या औषध नियामकाने २०१४ मध्ये दिला.

उपचार काय?

गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी ऊतीच्या थरासह एकसंध काढणे हाच मुख्य उपचार. ओटीपोटात तो थर मिळणेच कठीण, कारण शेजारी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, सायटिक नस आणि हाड असते. म्हणून काही रुग्णांना आधी पाच आठवडे रेडिएशन देतात. पण ते सरसकट नव्हे. पोटाच्या मागच्या भागातील सार्कोमाच्या २६६ रुग्णांवरील युरोपीय चाचणीत आधी रेडिएशन देऊन एकूणात फायदा दिसला नाही. २०२० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डेस्मॉइड ही गाठ तर शरीरात इतरत्र पसरत नाही. तिच्यावर आता बहुतेकदा आधी नुसते लक्ष ठेवतात, आणि काही वेळा ती आपोआप आकसते.

कमी आक्रमक लिपोसार्कोमा त्याच जागी वर्षांनंतरही पुन्हा उगवतो, तर लायोमायोसार्कोमा फुप्फुस गाठतो. त्यामुळे ‘यातून बरे होतात का?’ याचे एकच उत्तर नाही. प्रकार, आक्रमकता, आकार आणि कडा स्वच्छ निघाल्या की नाही, यावर ते अवलंबून असते. यांतली शेवटची एकच गोष्ट सर्जनच्या हातात असते, तीही मुख्यतः पहिल्या खेपेला.

परळच्या टाटा रुग्णालयात असा निर्णय सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिएशनतज्ज्ञ मिळून घेतात. नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातील केंद्रे जोडली गेली, पण गाठ दिसलेल्या रुग्णाला तिथे वेळेत पाठवायचे काम गावातल्या डॉक्टरचेच. रुग्ण पाठवण्यात कमीपणा कसला? शस्त्रक्रिया आधीच झाली असेल, तर रुग्णाने डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. शस्त्रक्रियेची नोंद, पॅथॉलॉजी अहवाल, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्यावेत. मोठ्या केंद्रात पहिल्या दिवशी हेच विचारले जाते.