शिपायांची संख्या नको, नांवें हवींत

इतिहासाच्या पुस्तकांत चौलचें नांव पुष्कळ वेळां येतें. इ. स. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी याच बंदरांत उतरला. १५०८ सालीं येथील खाडींत इजिप्त व गुजरात यांच्या गलबतांनीं पोर्तुगीज आरमारावर हल्ला केला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यांत पडला. १५७०-७१ त अहमदनगरच्या निजामशाहानें पोर्तुगीजांच्या ठाण्यास वेढा घातला. या साऱ्या हकीकतींत नांवें आहेत तीं दूरदेशच्या सरदारांचीं. ज्या खाडीवर हीं रणें माजलीं, तिच्या कांठीं नारळी-पोफळीच्या वाड्या शिंपणाऱ्या, जाळीं टाकणाऱ्या व वल्हीं मारणाऱ्या माणसांपैकीं एकाचेंही नांव वाचकांस चटकन् सांगतां यावयाचें नाहीं.

चार-पांच शतकांपूर्वींची ही तऱ्हा आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत तशीच चालत आली. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत तेरा लाखांच्या आसपास हिंदी लोक चाकरीस गेले; पैकीं सुमारें ७४,००० कामास आले. युद्ध संपल्यावर सरकारनें अनेक गांवीं दगडी पाट्या बसविल्या. त्यांवरील मजकूर ठरीव होता: या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांतील इतक्यांनीं प्राण दिले. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवास तर ४६ जण गमवावे लागले. आंकडा दगडावर कोरला गेला; परंतु त्या आंकड्याच्या पोटांत कोणाचा पुत्र, कोणाचा पति, कोणत्या आळीचा रहिवासी आहे, हें दगड सांगत नाहीं.

गांवची पाटी लहान, तिजवर जागा थोडी, असें कोणी म्हणेल. पण बसऱ्याच्या विस्तीर्ण स्मारकाचें काय? मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत मराठा पलटणी आघाडीस होत्या, व या पलटणींत घांटावरच्याप्रमाणेंच कोंकणांतील मराठेही भरती होत. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत येथील फौज शरण गेली, त्यानंतर तुर्कांच्या कैदेंत किती हाल झाले, हें सर्वश्रुत आहे. या मोहिमेंतील ज्या मृतांस थडगें मिळालें नाहीं, त्यांच्यासाठीं तें स्मारक उभारलें. तेथें गोऱ्या शिपायाचें नांव कोरलें, हिंदी अंमलदाराचें नांव कोरलें. हिंदी साध्या शिपायांची मात्र पलटणीवार संख्या दिली! खुद्द कॉमनवेल्थ युद्धस्मशान-मंडळाच्या २०२१ च्या अहवालानें हा पंक्तिप्रपंच मान्य केला. पहिल्या महायुद्धांतील आशिया व आफ्रिका खंडांतील ४५,००० ते ५४,००० मृतांचें स्मरण इतरांच्या बरोबरीनें झालें नाहीं, आणि किमान १,१६,००० मृतांचा नामनिर्देश मुळींच झाला नाहीं, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. साहेबानें शंभर वर्षांनीं कां होईना चूक कबूल केली. आमच्या गांवांनीं आपल्या माणसांसाठीं काय केलें, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न चौल-रेवदंड्याच्या टापूंत विशेष लागू पडतो. कारण या किनाऱ्यावर शिपाईगिरी ही कोणा एका जातीची मिरास नव्हती. प्रथम बेने इस्राएल घ्या. कोंकणांत शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांस ‘शनवार तेली’ म्हणत, ते हे मराठी बोलणारे यहुदी. चेऊलकर, दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर हीं त्यांचीं आडनांवेंच त्यांचें गांव सांगतात. चित्रपटांत नांवाजलेले नट डेव्हिड यांचें पूर्ण नांव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होतें, हें किती चौलकरांस ठाऊक आहे? याच समाजांतील सॅम्युएल दिवेकर ऊर्फ समाजी हसाजी हे कंपनीच्या फौजेंत अंमलदार असून टिपूच्या कैदेंत सांपडले होते. सुटका झाल्यावर त्यांनीं १७९६ त मुंबईस पहिलें यहुदी प्रार्थनामंदिर बांधलें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या फौजेंत या लहानशा समाजाचे सुभेदार व जमादार मोठ्या प्रमाणांत होते.

महारांची हकीकतही अशीच. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगांवच्या लढाईंत पडलेल्यांच्या स्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययानें संपणारीं नांवें आजही वाचतां येतात. पुढें ‘लढाऊ जाती’ची कल्पना सरकारच्या डोक्यांत शिरली. मनुष्याची छाती व निशाण पाहण्याऐवजीं त्याची जात पाहूं लागले. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. आणि जातवार कंपन्यांची पद्धत आल्यावर, ज्यांची स्वतंत्र कंपनी भरण्याइतकी संख्या नाहीं, त्या बेने इस्राएलांसही फौजेचा दरवाजा लागला. कालपर्यंत जो शूर होता, तो एका हुकुमानें नालायक ठरला! महाड तालुक्यांतील रावढळचे पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ त या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० त शिवराम जानबा कांबळे यांनीं पुन्हां दाद मागितली. युद्धाची गरज पडतांच १९१७ त १११ वी महार पलटण उभी राहिली, गरज सरतांच १९२१ त मोडली गेली. दुसरें युद्ध आलें, तेव्हां १९४१ त बेळगांवीं महार रेजिमेंट स्थापन झालें, तें मात्र टिकलें.

तिसरा वर्ग दर्यावर्द्यांचा. आगबोटीच्या भट्टीपाशीं कोळसा ओढणारा खलाशी शत्रूच्या पाणतीराखालीं बुडाला, तर त्यास थडगें कोठलें? मुंबईस मशीद बंदराजवळील खलाशांच्या वसतिगृहांत पहिल्या युद्धांत समुद्रांत नाहींशा झालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचें स्मारक आहे. दुसऱ्या युद्धांतील सहा हजारांहून अधिकांच्या नांवांची नोंद तेथेंच आहे. गरीब खलाशाचें नांव जर लिहितां आलें, तर शिपायाचें लिहितां आलें नसतें काय? मनांत आणलें असतें तर लिहितां आलें असतें, हाच याचा अर्थ.

आमची सूचना साधी आहे. चौलच्या ग्रामपंचायतीनें, शाळांनीं व वाचनालयांनीं मिळून गांवच्या लष्करी व दर्यावरील चाकरीची एक वही करावी. अशी यादी कोणाकडे असेलच, तर ती सर्वांस पाहावयास खुली करावी. पलटणींत भरती होतांना शिपायाचें, त्याच्या बापाचें, गांवाचें, तालुक्याचें व वारसाचें नांव लिहून घेत. कॉमनवेल्थ मंडळाच्या यादींतही पुष्कळदां बापाचें व गांवाचें नांव असतें, व ती यादी आतां संगणकावर कोणासही पाहतां येते. शोधणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं त्या काळीं चौल हें चेऊल असेंही लिहीत आणि जिल्ह्याचें नांव कुलाबा होतें. रायगड हें नांव १९८१ त आलें. घरोघरच्या पेन्शनच्या चोपड्या, बिल्ले व जुनीं पत्रें यांची नक्कल करून घ्यावी. जे बेने इस्राएल १९४८ नंतर इस्राएलांत जाऊन राहिले, त्यांस पत्र लिहावें. ते गांव सोडून गेले, पण गांवानें त्यांस आपल्या वहींतून सोडूं नये.

यावर आक्षेप येतील. एक असा, कीं घराण्याची व जातीची चौकशी केल्यानें जातिभेद उकरून निघेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यास जातीमुळें भरती नाकारली, त्याची जात वहींतून खोडल्यानें अन्याय नाहींसा होत नाहीं. अन्यायाचा पुरावा मात्र नाहींसा होतो. जातवार पानें नकोत. नांवें भरतीच्या वर्षाप्रमाणें एकाखालीं एक लिहावींत, म्हणजे सुभेदाराच्या शेजारीं खलाशी व मराठ्याच्या शेजारीं महार आपोआप येईल. दुसरा आक्षेप, कीं हे परक्या सरकारचे चाकर, त्यांचा गौरव कशाला? आम्ही गौरव मागत नाहीं, नोंद मागतों. याच चाकरीनें अनेक घरांत पहिलें अक्षर आलें. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेंत शिक्षक होते, व त्यांचे पुत्र डॉ. आंबेडकर देशाच्या घटनेचे शिल्पकार झाले. १८ फेब्रुवारी १९४६ पासून मुंबईस सरकारविरुद्ध उठले, तेही त्याच सरकारच्या आरमाराचे खलाशी होते.

आणखी एक रकाना त्या वहींत अवश्य असावा. सरकारी कागदांत शिपायाच्या बापाचें नांव असे; आईचें क्वचितच. घरचा कर्ता पलटणींत गेल्यावर वाडीचा रहाट कोणी चालू ठेवला, मुलें कोणी वाढविलीं, तार आल्यावर घर कोणी सांवरलें? त्या आईचें व त्या पत्नीचें नांव शिपायाच्या नांवाशेजारीं लिहिल्यावांचून ती नोंद अपुरीच राहील.

दुसऱ्या महायुद्धांत गेलेले बहुतेक लोक आज हयात नाहींत. त्यांच्या गोष्टी ऐकलेलीं मुलेंही आतां वृद्ध झालीं आहेत. दगडी पाटी आणखी शंभर वर्षें टिकेल, पण तिच्यावरील आंकड्यांस नांवें देऊं शकणारीं माणसें तितकीं टिकणार नाहींत. चौलकरांनीं हें काम येत्या पावसाळ्यापूर्वीं हातीं घ्यावें, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.