वत्सगुल्माचे ताम्रपट आणि उद्धरणांची मोजणी

१९३९ साली वाशिम येथे ताम्रपट सापडले. वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी दिलेल्या दानाचे ते शासन होते. वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात आणि स्थळ वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम! वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा या नगरीतून राज्य करीत होती, हे तोवर विद्वज्जनांस ठाऊक नव्हते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी डी. बी. महाजन यांच्यासह हे ताम्रपट ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादून प्रसिद्ध केले. त्यातील सर्वसेन या राजाचे नाव अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील झिजलेल्या लेखातही आहे आणि पूर्वीच्या पंडितांनी ते चुकीचे वाचले होते, हेही मिराशींनी दाखवून दिले. त्या एका नावाने विदर्भाचा इतिहास बदलला. अजिंठ्याचा कालनिर्णय करणारा कलेतिहासकार असो वा प्राकृत काव्याचा अभ्यासक, दोघांनाही या वाचनाकडे वळावे लागते.

आजच्या हिशेबाने या निबंधास किती गुण मिळतील?

संशोधकाचे मोल आता उद्धरणांवरून ठरते. त्याच्या निबंधाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, ते मोजायचे. अमेरिकेच्या यूजीन गार्फील्ड यांनी १९६४ साली विज्ञानविषयक उद्धरणांची सूची प्रसिद्ध केली. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ काढला : ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे, त्याचा निर्देशांक दहा. केवळ परकीय म्हणून हे माप फेकून द्यावे, असे आम्हांस वाटत नाही. वशिल्याने होणाऱ्या नेमणुकांना आकडा थोडाफार आळा घालतो, हे मान्य केले पाहिजे. आणि उद्धरणाचे महत्त्व आपल्या परंपरेस नवे कोठे आहे? याच सर्वसेनाचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लुप्त झाले. अलंकारशास्त्रकारांनी त्यातील वेचे उद्धृत केले, म्हणूनच ते आपणांस ठाऊक आहे.

दोष आहे तो एकच तागडी सर्वत्र लावण्यात. रेणुजीवशास्त्रात संशोधकांची संख्या मोठी, निबंधाखालील संदर्भांची यादीही लांबलचक. तेथे उद्धरणे भराभर साचतात. गणितात ती तुरळक. पुराभिलेख वाचणारे तर जगात मोजकेच. त्यांनी एकमेकांचा कितीही उल्लेख केला तरी आकडा फुगणार कसा? भिन्न शास्त्रांची अशी सरळ तुलना करू नये, असे खुद्द गार्फील्ड बजावीत असत. त्यातही या सूच्यांचा भर इंग्रजी नियतकालिकांवर. मिराशींचे आयुष्यभराचे काम मुख्यतः ग्रंथांत आहे : कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार यांच्या लेखांचे १९५५, १९६३ व १९७७ साली निघालेले महाग्रंथ, आणि कालिदास-भवभूतीवरील विवेचन. शिवाय ते मराठीत आणि हिंदीतही लिहीत. सूचीला यातले किती दिसणार?

हा प्रश्न केवळ दिवंगतांच्या मानापमानाचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीस गुणांकांची जोड दिली आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार तेजीत आला. त्याला लगाम म्हणून आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी आणली; फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाल्याचेही जाहीर केले. आता पारख करण्याचे दायित्व संस्थांवर आले आहे.

याच जिल्ह्यातील कारंज्याचे उदाहरण घ्या. तेथील जैन ग्रंथभांडारांतील पोथ्यांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी अपभ्रंश ग्रंथ संपादिले. ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली प्रसिद्ध झाले. एक पोथी लावायची तर लिपी, व्याकरण, पाठभेद यांत वर्षे जातात. आज वाशिम वा रिसोडच्या महाविद्यालयातील तरुण अध्यापकाने हे काम अंगावर घ्यावे तरी का? तेवढ्या काळात त्याचा सहकारी डझनभर निबंध छापून बढती घेऊन मोकळा होतो. कोरडवाहू सोयाबीन-तुरीच्या शेतीवर शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत लिहिणाऱ्या कृषिशास्त्रज्ञाचीही हीच गत.

येथे थोडे आत्मपरीक्षणही हवे. प्राचीन भारताच्या वैभवावर व्याख्याने देणारे आपल्यात उदंड आहेत. झिजलेले अक्षर पुनःपुन्हा तपासणारे किती? मिराशींना १९७५ साली पद्मभूषण मिळाले, त्याचा अभिमान आपण मिरवतो. पण त्यांचा वाकाटकांवरील ग्रंथ आपल्या किती घरांत उघडला जातो?

वाशिममधील महाविद्यालये ज्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याने आता स्वतःचे निकष ठरवावेत. प्रत्येक शास्त्राची तुलना त्याच शास्त्रातील कामाशी व्हावी. संपादित पोथी, कोश, वाचलेला ताम्रपट आणि मराठी ग्रंथ यांना स्वतंत्र स्थान असावे. आणि निवड समितीच्या सदस्यांनी मुलाखतीपूर्वी उमेदवाराचे निदान दोन निबंध स्वतः वाचून यावे.